चिठ्ठीवर एवढंच होतं

शुक्रवारी सहाला आम्ही अकरा जण
तळ्याकाठच्या लाकडी घरात बूट काढून बसलो.
नोव्हेंबर. दुपारी चारलाच उजेडाने राजीनामा दिलेला.
कुणी बसचालक, कुणी दातांच्या दवाखान्यात कारकून,
एकाने तर फॉर्मवर सरळ लिहिलं होतं :
व्यवसाय – बाप.

मी आले ती एका पत्रामुळे.
‘लांडग्याच्या पिल्लांना’ मोठं माणूस मिळालं नाही,
तर सोमवारची टोळी बंद.
हिल्ला आठ वर्षांची. ती काही बोलली नाही,
फक्त गळ्यातल्या रुमालाची घडी करून
कपाटात सगळ्यात खाली ठेवून आली.

शिकवायला इर्मेली, सत्तरीला टेकलेली,
आवाज शेगडीत सरपण सरकवल्यासारखा.
पहिला धडा कुऱ्हाडीचा :
दुसऱ्याच्या हातात देताना विचारायचं, “घेतली?”
तो म्हणेल “घेतली”,
आणि मगच सोडायची.
झालं. आता उठा, बटाटे सोला.

शनिवारी नियम. पोलिसांचा दाखला,
कुणाला शेंगदाणे चालत नाहीत,
दोन मोठी माणसं असल्याशिवाय पोरांच्या तंबूत पाऊल नाही.
दुपारी दोर.
माझी प्रत्येक गाठ निरगाठ होते,
हिसडा द्या, दात लावा, ढिम्म.
इर्मेली म्हणाली, ताण आला की धरली पाहिजे,
काम झालं की सुटली पाहिजे.
नाहीतर ती गाठ नाही, हट्ट आहे.

रात्री टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या.
दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू केला.
मी म्होरकी, आणि मूल म्हणून माझ्या वाट्याला वेइक्को,
सत्तावन वर्षांचा, रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र चालवणारा,
मान कुठे संपते नि खांदे कुठे सुरू होतात, कळत नाही.
त्याची चिठ्ठी : तू नऊ वर्षांचा. रात्रीचे अकरा वाजलेत.
तुला घरी जायचंय.

तो गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसला,
तेव्हा सगळे हसले. मीही.
“मला घरी जायचंय,” म्हणाला.
पुन्हा म्हणाला, जरा हळू.
तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

पान चौदा मला पाठ होतं :
नाव घ्या, डोळ्यांच्या उंचीला या,
खोटं आश्वासन देऊ नका.
मी खाली बसले, नाव घेतलं,
आणि म्हणाले, सकाळी आई येईल न्यायला.

“नाही येणार.”

हे चिठ्ठीवर नव्हतं.
कुणाचा तरी कप बशीवर टेकला.
इर्मेलीच्या हातात घड्याळ होतं, तिने ते उलटं ठेवलं,
पण जागची हलली नाही.
पान चौदा तिथेच संपलं होतं.

माझ्या खिशात दुपारचा दोर, गाठीसकट.
तो काढून मी त्याच्यासमोर धरला :
“हे सुटत नाही माझ्याच्याने.”
किती वेळ गेला, माहीत नाही.
मग ग्रीसने काळवंडलेली जाड नखं
त्या निरगाठीत शिरली, थोडी मागे, थोडी पुढे.
“कुणी मारली ही?”
“मी.”
“वाईट मारलीयस.”
हे नऊ वर्षांचं बोललं की सत्तावनचं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर त्याने भांडी पुसली, मी विसळली.
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
रविवारी वाटाण्याचं सूप, शिक्के मारलेले कागद.
माझ्या कागदावर इर्मेलीच्या तिरक्या अक्षरात :
‘आश्वासन खोटं दिलं. पुढचं बरं.’

सोमवारी शाळेच्या तळघरात चौदा पिल्लं,
एवढा गोंगाट की छतावरचे दिवे थरथरावेत.
फांदी तासायला सुरी हवी म्हणून रांग लागली.
रांगेत चौथी हिल्ला, रुमाल गळ्यात, घड्या तशाच.
“घेतली?”
तिने मूठ नीट आवळली, वर माझ्याकडे पाहिलं.
“घेतली,” म्हणाली,
आणि थोडं थांबून,
“आई, आता सोड ना.”